फुफ्फुसातील हवेचा हिशेब

न्यूमोनिया किती तीव्र आहे, या प्रश्नाचा शारीरिक अर्थ इतकाच असतो की, फुफ्फुसात जिथे हवा असायला हवी त्यातली किती जागा पाण्याने, सुजेने आणि मृत पेशींच्या गाळाने व्यापली आहे. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश, म्हणजे हवेचे अतिसूक्ष्म फुगे असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की एका बाजूची हवा आणि दुसऱ्या बाजूच्या केशवाहिनीतील रक्त यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेही अंतर नसते, आणि तेवढ्याच अंतरातून प्राणवायू रक्तात उतरतो. विषाणू या भिंतींना इजा करतो तेव्हा केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो, आधी भिंती सुजून जाड होतात आणि मग फुग्यांच्या पोकळीतही पाणी साचू लागते. परभणी जिल्ह्यातील मानवत हे तालुक्याचे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते, आणि तिथे हा फरक समजावून सांगण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही: जिनिंगमध्ये सरकी निघाल्यावर बाहेर पडणारी मोकळी रुई, पावसात भिजून जड झालेली रुई आणि प्रेसखाली दाबून बांधलेली गाठ या तिन्हींत तंतू तेच असतात, बदललेले असते ते तंतूंमधल्या हवेचे प्रमाण. निरोगी फुफ्फुस मोकळ्या रुईसारखे असते, विषाणुजन्य न्यूमोनियाच्या सुरुवातीला ते भिजलेल्या रुईसारखे होते, आणि आजार पुढे सरकला की त्याचे काही भाग गाठीसारखे घट्ट होतात. फुफ्फुसाची सोनोग्राफी नेमका हाच बदल टिपते, आणि तोही रुग्णाच्या खाटेशी, दिवसातून हवा तितक्या वेळा.

हवेचा हा हिशेब मांडण्याची दुसरी एक पद्धत महाराष्ट्राने कोविडच्या साथीत फार जवळून पाहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीच्या बाजूने उठलेली दुसरी लाट मराठवाड्यात पोचली तेव्हा ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. हा स्कोअर एचआरसीटीचा, म्हणजे छातीचे पातळ पातळ छेद दाखवणाऱ्या सीटी स्कॅनचा होता. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन, असे एकूण पाच खंड असतात. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित झाला आहे हे पाहून त्याला ० ते ५ गुण द्यायचे आणि पाचही खंडांची बेरीज २५ पैकी मांडायची, असा तो हिशेब होता. या तपासणीची मागणी त्याआधीच इतकी वाढली होती की राज्य सरकारला सप्टेंबर २०२० मध्येच या तपासणीचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे ठरवून द्यावे लागले. आकडा हाती आला की कुटुंबे त्याला चारने गुणून टक्केवारी काढत आणि इतके टक्के फुफ्फुस निकामी झाले असा अर्थ लावत, जो चुकीचा होता. कारण सुजलेला भाग हा मेलेला भाग नसतो, आणि एकाच स्कोअरचे दोन रुग्ण, एक खाटेवर बसून जेवणारा आणि दुसरा प्राणवायूच्या नळीला लागलेला, असेही दिसत होते.

सीटी स्कॅनचे चित्र अतिशय स्वच्छ आणि सखोल असते याविषयी वाद नाही. परंतु यंत्र मोठे, महागडे आणि एका जागी बसवलेले असते, आणि ते तालुक्याच्या गावी सहसा नसते. मानवतहून परभणीला जाणारा रुग्ण तीस-पस्तीस किलोमीटरचा प्रवास करतो; नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तर अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. धाप लागलेल्या माणसाला सिलिंडरसह रुग्णवाहिकेत चढवायचे, यंत्राबाहेर रांगेत थांबवायचे, मग सपाट झोपवायचे आणि त्याच्यानंतर खोली निर्जंतुक करायची, हे सारे एकदा जमते, दर दोन दिवसांनी जमत नाही. शिवाय छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार शरीराला मिळतो, तर छातीच्या एका साध्या एक्स-रेमध्ये तो ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असतो. एक्स-रे स्वस्त आणि जवळचा खरा, पण विषाणुजन्य न्यूमोनियाच्या पहिल्या दिवसांतली धूसर सूज त्यात अनेकदा दिसतच नाही. या दोन साधनांच्या मधली जी जागा रिकामी राहते, तिथे सोनोग्राफीचा विचार करावा लागतो.

छातीतली हवा आणि पाणी आवाजावरून ओळखण्याची कल्पना नवी नाही. व्हिएन्नातील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून उमटणाऱ्या नादावरून आतला आजार ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपात द्राक्षमद्य कुठवर भरले आहे हे ठोकून पाहण्याची रीत त्याने घरीच पाहिली होती, असे सांगितले जाते. पोकळ जागेवर घुमणारा नाद आणि भरलेल्या जागेवर बद्द आवाज, हे तत्त्व आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवले जाते. फ्रान्सच्या रने लाएनेक याने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि श्वासाचा आवाज थेट ऐकता येऊ लागला. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनोग्राफी रूढ झाली तेव्हा पोट, गर्भाशय, हृदय असे सारे तिच्या कक्षेत आले, फक्त फुफ्फुस बाहेर राहिले, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात होते.

सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी श्राव्यातीत असतो, म्हणजे त्याची कंपने माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडची, सेकंदाला काही लाखांपासून कोटीपर्यंत असतात. प्रोब, म्हणजे हातात धरण्याचा भाग, हा ध्वनी शरीरात सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी पकडून त्यापासून पडद्यावर चित्र उभे करतो. मऊ ऊतींमध्ये, म्हणजे स्नायू, यकृत, रक्त यांसारख्या पाणीदार भागांत, हा ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो आणि थोडाथोडा परत येतो. पण मध्येच हवा आली की ऊती आणि हवा यांच्या गुणधर्मांतील प्रचंड तफावतीमुळे जवळजवळ सगळाच ध्वनी तिथूनच मागे फिरतो. पोटावर प्रोब ठेवण्याआधी जेल लावतात ते त्वचा आणि प्रोब यांच्यामधली हवेची पातळ फटसुद्धा राहू नये म्हणून. मग जो अवयव हवेनेच भरलेला आहे त्याचे चित्र मिळणार कसे, असा रास्त प्रश्न होता, आणि त्यामुळे दीर्घकाळ सोनोग्राफीचा उपयोग छातीत फक्त फुफ्फुसाभोवती साचलेले पाणी शोधण्यापुरताच राहिला.

पॅरिसजवळच्या आंब्रुआझ-पारे रुग्णालयातील अतिदक्षता-तज्ज्ञ डॅनिएल लिक्टेनस्टाइन यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला, आणि या विद्येतील खरी कल्पकता तिथेच आहे. फुफ्फुसाचे प्रत्यक्ष चित्र मिळत नसेल, तर न मिळण्याच्या तऱ्हाच वाचाव्यात, असे त्यांनी दाखवून दिले. पडद्यावर दिसणाऱ्या काही आकृती या शरीरातील कोणत्याही रचनेच्या प्रतिमा नसतात. ध्वनी उलटसुलट आपटल्यामुळे यंत्राची जी फसगत होते तिच्या त्या खुणा असतात. त्यांना भास-प्रतिमा म्हणता येईल. क्ष-किरण तज्ज्ञ ज्यांना चित्रातला दोष मानून दुर्लक्षित करत होते, त्या भास-प्रतिमा फुफ्फुसात हवा किती आणि पाणी किती यानुसार बदलतात, हे लिक्टेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले. २००८ मध्ये त्यांनी तीव्र धाप लागून अतिदक्षता विभागात आलेल्या २६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात केवळ फुफ्फुस आणि पायांच्या शिरा यांच्या सोनोग्राफीवरून धापेचे कारण ९०.५ टक्के रुग्णांत बरोबर ओळखले गेले. २०१२ मध्ये या तपासणीविषयी आंतरराष्ट्रीय शिफारशीही तयार झाल्या. म्हणजे कोविड येण्याच्या किती तरी आधी ही विद्या तयार होती. ती पसरली मात्र नव्हती.

पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसते, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ही भाषा अल्पाक्षरी आहे आणि एकदा कळली की सामान्य वाचकालाही तिचे मर्म पकडता येते. प्रोब दोन बरगड्यांवर आडवा जाईल असा, म्हणजे शरीराच्या उभ्या अक्षाला समांतर, धरतात. बरगड्या ध्वनी अडवतात, त्यामुळे त्यांच्यामागे दोन काळ्या सावल्या पडतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये, बरगडीच्या पृष्ठभागापासून सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल, एक लखलखीत पांढरी आडवी रेघ दिसते. हे फुप्फुसावरण होय: छातीच्या आतल्या बाजूचा आणि फुफ्फुसाच्या बाहेरचा असे दोन पातळ पडदे तिथे एकमेकांना टेकलेले असतात. रुग्ण श्वास घेतो तशी ही रेघ इकडून तिकडे चमकत सरकते, कारण फुफ्फुसाचा पडदा छातीच्या पडद्यावर घसरत असतो. ही सरक दिसत नसेल तर दोन पडद्यांमध्ये हवा शिरली असण्याची शंका येते. कृत्रिम श्वासयंत्रावरच्या रुग्णात ती शंका फार मोलाची असते.

या रेघेच्या खाली, निरोगी फुफ्फुसात, तिच्यासारख्याच पण क्रमाने मंद होत जाणाऱ्या आडव्या रेघा समान अंतरावर दिसतात. त्या खऱ्या नसतात. हवेवर आपटून परत आलेला ध्वनी प्रोबच्या पृष्ठभागावर पुन्हा आपटतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा परत येतो. खोल विहिरीत दिलेली हाक जशी विरत विरत पुन्हापुन्हा ऐकू यावी तसे हे घडते, आणि यंत्र दर खेपेला समजते की आणखी खोलवर काही तरी आहे. या रेघांना इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षरावरून ए-रेघा म्हणतात. त्यांचा अर्थ असा की इथे खाली भरपूर हवा आहे.

वायुकोशांच्या भिंती पाण्याने जाड झाल्या की चित्र पालटते. आता ध्वनीला हवेच्या भिंतीत चिंचोळे पाणीदार मार्ग सापडतात, तो त्यांत शिरतो, अडकतो, आतल्या आत घोळत राहतो आणि अंशाअंशाने परत येत राहतो. यंत्र त्याची एक अखंड उभी पांढरी रेघ काढते, जी फुप्फुसावरणापासून निघून न विरता पडद्याच्या तळापर्यंत जाते, श्वासाबरोबर हलते आणि वाटेतल्या आडव्या रेघा पुसून टाकते. हिला बी-रेघ म्हणतात. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत अशी एखाद-दुसरी रेघ निरोगी माणसातही दिसू शकते. तीन किंवा अधिक दिसल्या तर तो भाग भिजला आहे असे धरतात. सूज वाढली की रेघा वाढतात, मग एकमेकींत मिसळतात, आणि आधी मोजता येणाऱ्या सरींच्या जागी मुसळधार पावसाचा एकच पांढरा पडदा दिसू लागतो. याच्याही पुढे, वायुकोशांतली हवा जवळपास संपली की ध्वनीला अडवणारे काही उरत नाही, तो सरळ आत जातो आणि फुफ्फुस प्रथमच स्वतःच्या रूपात दिसते, यकृतासारखे भरीव, त्यात अडकलेल्या हवेचे पांढरे ठिपके घेऊन. या अवस्थेला फुफ्फुसाचे घनीकरण म्हणतात. फुफ्फुस जितके आजारी तितके सोनोग्राफीत ते स्पष्ट दिसते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण सारी पद्धत तिच्यावरच उभी आहे.

विषाणुजन्य न्यूमोनियाला ही तपासणी विशेष मानवते, याचे कारण आजाराच्या जागेत आहे. कोविडमध्ये आणि इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियातही इजा बहुधा दोन्ही बाजूंना, तुकड्यातुकड्यांनी आणि फुफ्फुसाच्या परिघावर होते, त्यातही पाठीमागच्या खालच्या भागात अधिक; आणि सोनोग्राफी नेमकी परिघावरचीच बाब पाहू शकते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत, जिच्यातील भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदला गेला, इटलीतील डॉक्टरांना असे रुग्ण आढळले होते की ज्यांचा एक्स-रे स्वच्छ होता पण सोनोग्राफीत उभ्या रेघा उमटल्या होत्या. २०२० च्या सुरुवातीला आधी चीनमधून आणि लगोलग इटलीतून कोविडच्या रुग्णांविषयी अशीच निरीक्षणे आली: फुप्फुसावरणाची रेघ जाड आणि खडबडीत, तिच्याखाली कुठे उभ्या रेघांचे पुंजके, कुठे एकजीव पांढरा पट्टा, आणि या बाधित भागांच्या शेजारीच पूर्ण निरोगी दिसणारे भाग. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये छातीच्या प्रतिमा-तपासण्यांविषयी जे मार्गदर्शन दिले त्यात सोनोग्राफीचाही समावेश केला.

तीव्रतेचा अंदाज घेण्यासाठी छातीचे १२ भाग पाडतात: प्रत्येक बाजूला पुढचा, कडेचा आणि पाठीचा, आणि त्या प्रत्येकाचा वरचा व खालचा. ज्या भागात आडव्या रेघा आहेत किंवा फार तर दोन उभ्या रेघा आहेत त्याला ०, तीन किंवा अधिक सुट्या उभ्या रेघांना १, एकमेकींत मिसळलेल्या रेघांना २ आणि घनीकरणाला ३ गुण मिळतात. एकूण बेरीज ० ते ३६ यांच्या दरम्यान येते. इटलीतील तज्ज्ञांनी मार्च २०२० मध्ये कोविडसाठी १४ भागांची पद्धत सुचवली, तिची बेरीज ४२ पर्यंत जाते. सवय झालेल्या डॉक्टरला ही सारी तपासणी दहा-पंधरा मिनिटांत करता येते. अनेक अभ्यासांत असे दिसले आहे की बेरीज जितकी जास्त तितकी रक्तातील प्राणवायूची स्थिती खालावलेली असते आणि श्वासयंत्राची गरज लागण्याचा धोका अधिक असतो. मात्र अमुक आकड्याच्या वर गंभीर आणि खाली सुरक्षित अशी सर्वमान्य सीमारेषा आखलेली नाही, आणि ती घाईने आखली जाऊ नये. सीटी स्कोअरच्या बाबतीत जे झाले, म्हणजे तपासणीचा आकडा हाच आजार मानला गेला, तेच सोनोग्राफीच्या आकड्याचे होणे सहज शक्य आहे. ३६ पैकी १२ आणि २५ पैकी १२ यांची तुलना करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळला पाहिजे, कारण एक सोनोग्राफीने परिघावर पाहिलेल्या बारा जागांची बेरीज आहे आणि दुसरी सबंध खंडांच्या व्याप्तीची.

आकड्याला अर्थ येतो तो तीन गोष्टींच्या शेजारी ठेवल्यावर: श्वासाची गती, ऑक्सिमीटरवरची प्राणवायूची पातळी आणि आजाराचा दिवस. देशातील कोविड उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास, अथवा प्राणवायूची पातळी ९० ते ९३ टक्के, हा मध्यम आजार, आणि ३० हून अधिक श्वास अथवा ९० टक्क्यांहून कमी पातळी हा गंभीर आजार मानला जात होता. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघरी जाऊन तापमान आणि प्राणवायू मोजला गेला, आणि सहा मिनिटे चालून पुन्हा पातळी पाहण्याची चाचणी गावागावांत माहीत झाली. ही साधने शरीरावर झालेला परिणाम सांगतात. सोनोग्राफी त्यामागचे कारण फुफ्फुसात कुठे आणि किती आहे ते सांगते. पाचव्या दिवशी पातळी ९५ असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाच्या बाराही भागांत आडव्या रेघा असतील आणि दुसऱ्याच्या पाठीच्या दोन्ही बाजू पांढऱ्याफटक असतील, तर दुसऱ्यावर रात्रभर लक्ष ठेवावे लागेल, हे ऑक्सिमीटर एकटे सांगू शकत नाही. उलट सगळे भाग स्वच्छ असतील आणि तरीही धाप असेल, तर डॉक्टरने न्यूमोनिया सोडून हृदय, दमा किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतील गुठळी यांच्याकडे वळावे, असा तो इशारा असतो.

या तपासणीच्या मर्यादा तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. कोविडसाठीच्या छातीच्या प्रतिमा-तपासण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये घेतलेला आढावा पाहिला तर सोनोग्राफीची संवेदनक्षमता, म्हणजे आजारी माणसाला आजारी म्हणून ओळखण्याचे प्रमाण, सुमारे ८९ टक्के होते आणि विशिष्टता, म्हणजे ज्याला तो आजार नाही त्याला नाही असे सांगण्याचे प्रमाण, सुमारे ७२ टक्के. सीटी स्कॅनसाठी हेच आकडे सुमारे ८७ आणि ७८, तर एक्स-रेसाठी दोन्ही ७३ च्या आसपास होते. सोनोग्राफी आजार सहसा चुकवत नाही, पण दुसऱ्याच आजाराला न्यूमोनिया समजण्याची चूक ती करू शकते, असा याचा अर्थ. उभी रेघ फक्त पाण्याची किंवा जाड भिंतीची खूण आहे, ती विषाणूचे नाव सांगत नाही. हृदय कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी साचते तेव्हाही रेघा दिसतात, फक्त त्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या असतात आणि फुप्फुसावरणाची रेघ गुळगुळीत राहते. जुन्या क्षयाच्या व्रणांतही रेघा असू शकतात. फुफ्फुसाच्या मध्यभागी असलेला, परिघाला न टेकलेला डाग सोनोग्राफीला दिसतच नाही. स्थूल रुग्णांत चित्र अंधुक येते, पाठ तपासायला अत्यवस्थ रुग्णाला कुशीवर वळवावे लागते, आणि प्रोब दर रुग्णानंतर पुसला नाही तर तोच संसर्ग वाहून नेतो.

मुलांच्या बाबतीत मात्र ही तपासणी अधिक सोपी आहे, कारण छातीची भिंत पातळ असते, रडणाऱ्या बाळाला आईच्या मांडीवरच तपासता येते आणि किरणोत्साराचा प्रश्न येत नाही. पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियाविषयी महाराष्ट्राचा स्वतःचा वारसा मोठा आहे आणि तो इथे आठवणे उचित ठरेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले, त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवण्याचे श्वासमोजणीचे साधनही त्यांनी तयार केले. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास ही जागतिक आरोग्य संघटनेची सीमा आजही वापरात आहे. तीव्रता ओळखण्याचे काम रुग्णाच्या सर्वांत जवळच्या माणसाच्या हाती देता येते, हे त्या कामाने सिद्ध केले. सोनोग्राफी त्याच दिशेने एक पायरी पुढे आहे. तिला डॉक्टर लागतो, पण क्ष-किरण तज्ज्ञच लागतो असे नाही. देखरेखीखाली पंचवीसेक तपासण्या केल्यावर नवख्या डॉक्टरचे गुण तज्ज्ञाच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागतात, असे प्रशिक्षणाविषयीच्या अभ्यासात दिसून आले आहे.

मग हे यंत्र गावोगावच्या वॉर्डात का पोचले नाही, याचे उत्तर महाराष्ट्रात केवळ पैशांत शोधून चालत नाही. ज्या प्रोबने फुफ्फुस दिसते त्याच प्रोबने गर्भही दिसतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ चे. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कायद्यानुसार सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते, मग ते हृदयासाठी असो वा फुफ्फुसासाठी. जून २०१२ च्या नियमांनी हातातून नेता येणाऱ्या यंत्रांचा वापर नोंदणीकृत आवारातील दाखल रुग्णांपुरता किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित केला. हे निर्बंध जाचक आहेत अशी तक्रार अतिदक्षता-तज्ज्ञ वारंवार करतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली उरल्या होत्या, हा आकडा समोर ठेवला की मराठवाड्यात या कायद्याला सैल करण्याची भाषा करणे अन्यायाचे होईल. फुफ्फुसाच्या तपासणीसाठी मोकाट यंत्र नको. नोंदवलेले यंत्रच अधिक कामाला लावणे हा मार्ग आहे.

तो मार्ग कायद्याच्या चौकटीत बसतो. तालुक्याच्या ठिकाणी साधारण तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय असते. तिथे यंत्र नोंदवलेले असेल तर त्याच आवारातील दाखल रुग्णाची छाती त्याने तपासण्यास त्या नियमात आडकाठी नाही, आणि अंतर असते ते प्रसूतीच्या खोलीपासून पुरुष वॉर्डापर्यंतचे. वेळेचे वाटप, प्रत्येक वापराची नोंद, आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फुफ्फुसापुरते प्रशिक्षण, एवढ्या तीन गोष्टी लागतात. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, त्यामुळे असे प्रशिक्षण देण्याची जागा जिल्ह्यातच उपलब्ध होऊ शकते. नोंदीचा कागद साधा असावा: छातीच्या बारा भागांचे बारा चौकोन, प्रत्येकात ० ते ३ पैकी एक आकडा, शेजारी श्वासाची गती, प्राणवायूची पातळी, ती कृत्रिम प्राणवायूवर मोजली की त्याशिवाय, आणि ताप आल्यापासूनचा दिवस. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी प्रोब ठेवून तोच कागद पुढे भरायचा. बेरीज स्थिर आणि श्वास शांत असेल तर रुग्ण मानवतलाच राहू शकतो. पाठीच्या खालच्या चौकोनांतले १ चे २ आणि २ चे ३ होऊ लागले तर पातळी घसरण्याची वाट न पाहता दिवसाउजेडी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. तो कागद रुग्णाबरोबर गेला की परभणीच्या डॉक्टरला रुग्ण आत्ता कसा आहे एवढेच नव्हे, तर गेल्या तीन दिवसांत कोणत्या बाजूने किती वेगाने हवा गमावत आला आहे, हेही पहिल्या मिनिटाला कळते.